मुलींच्या खासगी शाळेचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा आहे: कुठे शोधावे, कसे वाचावे?

प्रश्न – कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींची खासगी अनुदानित शाळा आहे. पुढच्या वर्षी तिची शताब्दी. संस्था स्मरणिका काढणार आहे आणि त्यातला इतिहासाचा भाग आमच्या गटाकडे आला आहे. पाने ४८, वेळ आठ महिने.

हाताशी आहे ते असे: १९३१ पासूनची जनरल रजिस्टरे, म्हणजे मुलींच्या प्रवेशाच्या नोंदवह्या (आधीचे एक गहाळ), संस्थेच्या सभांची इतिवृत्ते, पण मधली बारा वर्षे नाहीत, दोन लोखंडी पेट्या भरून किर्दी (जमाखर्चाच्या रोजवह्या) आणि पावतीपुस्तके, त्यातली काही मोडीत, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतले चौकटीतले फोटो, ज्यांवर एकही नाव नाही.

मसुदा नुकता सुरू झाला आणि ‘महाराष्ट्रातील मुलींच्या पहिल्या शाळांपैकी एक’ हे वाक्य त्यात येऊन बसलेसुद्धा. ते ठेवावे का? पुण्याकडच्या भिडे वाडा, हुजूरपागा, हिंगणे या मुलींच्या जुन्या शाळांशी आमच्या शाळेची सांगड कशी घालावी? रजिस्टरांत सहा हजारांच्या आसपास नोंदी आहेत, त्यांचे काय करावे? आणि संस्थापकांचे गुणगान व मुख्याध्यापिकांची यादी एवढ्यावर इतिहास संपू नये, मुली शाळेत काय करत होत्या ते यावे, अशी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी नेमके सांगावे.

---

उत्तर – जुनेपुणे

आधी ते वाक्य काढा. ‘पहिली’ म्हणायचे तर गाव कोणते, शाळा चालवणारे कोण आणि शाळा प्राथमिक की हायस्कूल, हे तिन्ही सोबत सांगावे लागते. ते न सांगितल्यामुळेच दर ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला, तीच वादावादी नव्याने होते.

क्रम बघा. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. बंगालमध्ये बारासातला स्थानिक मंडळींनी १८४७ मध्ये मुलींची खासगी शाळा सुरू केली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा काढली, ती काही महिन्यांत बंद पडली, आणि मग ३ जुलै १८५१ ला बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात, १७ सप्टेंबर १८५१ ला रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ ला वेताळ पेठेत अशा तीन शाळा उभ्या राहिल्या. मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या मुलींच्या शाळा १८४९ च्या. या सगळ्या आजच्या भाषेत प्राथमिक शाळा. फुल्यांच्या शाळांमागे एक समिती होती आणि दक्षिणा फंडातून त्यांना दरमहा ७५ रुपये मिळत. खासगी समिती, लोकवर्गणी आणि थोडे सरकारी साहाय्य ही घडण तेव्हापासूनची. तुमची शाळाही त्याच घडणीची असणार, आणि सांगड घालायचीच तर ती इथे घाला.

हुजूरपागेची गोष्ट वेगळी, कारण ते हायस्कूल. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर खासगी शाळांना अनुदान मिळू लागले. १८८२ च्या हंटर आयोगाने मुलींच्या शाळांना अनुदान देताना अटी सैल ठेवाव्यात असे सुचवले आणि १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. त्याआधी पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले असते तरी मॅट्रिकचे दारच बंद होते. १८८४ हे साल त्यामुळे येते. वामन आबाजी मोडक, न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर आणि त्यांचे सहकारी यांनी शाळा काढली, संस्थेचे नाव महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटी. जागा पेशव्यांच्या खास घोड्यांच्या पागेची, ती सांगलीकर पटवर्धनांकडून मिळाली. शाळेच्या अधिकृत नावात ‘एच. एच. सी. पी.’ ही चिंतामणराव पटवर्धनांची आद्याक्षरे आहेत ती त्यामुळेच. सर विल्यम वेडरबर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ १०,००० रुपये दिले. तरीही ‘भारतातले मुलींचे पहिले हायस्कूल’ असे सरसकट म्हणू नये. कलकत्त्याच्या बेथ्यून शाळेची विद्यार्थिनी कादंबिनी बसू १८७८ मध्येच प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाली होती आणि मुंबईत मुलींची अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा १८६३ पासून होती.

हुजूरपागेला झालेला विरोध अनेक गौरवग्रंथांत दोन ओळींत उरकतात. तसे करू नका. टिळकांच्या ‘मराठा’ आणि ‘केसरी’ने १८८७ मध्ये या शाळेच्या अभ्यासक्रमावर सडकून टीका केली. त्यांचे आक्षेप अगदी व्यावहारिक भाषेत होते: मुलींना इंग्रजीवर इतका भर कशाला, आणि ११ ते ५ शाळा असेल तर सासरी-माहेरी घरकाम कधी शिकणार? वेळ तीनेक तासांवर आणावी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे भांडण वेळापत्रकावर होते. तुमच्या इतिवृत्तांत शाळेची वेळ कधी बदलली, सकाळची दुपार कधी झाली, ते शोधा. तालुक्याच्या गावात तोच वाद पुढे कितीतरी वर्षे चालू राहिलेला दिसतो.

हिंगण्याचा मार्ग तिसरा. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला, रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या सहा एकरांवर. १९०७ मध्ये महिला विद्यालय, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. आधी राहण्याची सोय आणि तिच्या पोटी शाळा, असा तो प्रवास. यात तुमच्या कामाचा मुद्दा असा की महिला विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि मुलींच्या कित्येक खासगी शाळा मुंबईच्या मॅट्रिकऐवजी तिला मुली बसवत. तिथे शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, इंग्रजी एक विषय म्हणून. पण त्या विद्यापीठाला कायद्याने मान्यता १९५१ मध्ये मिळाली. तोवर ती परीक्षा दिलेल्या मुलीला इतर कॉलेजांची आणि सरकारी नोकरीची वाट सोपी नव्हती. तुमच्या शाळेने यातली कोणती परीक्षा निवडली आणि कधी बदलली, हे एक पान मन लावून लिहा. संस्थाचालकांच्या मनात मुलींचे पुढे काय व्हावे असे होते, ते भाषणांपेक्षा इथे स्वच्छ दिसते.

---

उत्तर – दप्तरखाना

रजिस्टरांबद्दल. सहा हजार नोंदी सगळ्या उतरवायच्या मागे लागू नका. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने संगणकावर भरायचे असे दोघे बसले तर तासाला ४० नोंदी होतात, म्हणजे १५० तास. आठ महिन्यांत ते जमणार नाही आणि चौथ्या महिन्यात गट फुटेल. दर दहा वर्षांतले एक वर्ष पूर्ण घ्या: १९३१, १९४१, १९५१ असे. वर्षाला साठेक प्रवेश धरले तर सहाशे नोंदी, पंधरा तास. मुख्य चित्र तेवढ्यातून उभे राहते. बाकी वर्षांतले फक्त एकूण प्रवेश मोजा.

रकाने भरपूर असतात, पण तक्त्यात आठच घ्या: रजिस्टर क्रमांक, जन्मवर्ष, प्रवेशाची तारीख, कोणत्या इयत्तेत, आधीची शाळा, सोडल्याची तारीख, कोणत्या इयत्तेतून, कारण. जात आणि पालकाचा व्यवसाय हवा असेल तर तो स्वतंत्र तक्त्यात, नावाशिवाय.

आता चुका कुठे होतात ते. जुन्या रजिस्टरात ‘इयत्ता ३ री’ दिसली की आजची तिसरी समजू नका. मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली सुरू होत असे आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. आजच्या मोजणीत इंग्रजी पहिली ही पाचवी आणि इंग्रजी सातवी ही अकरावी. ‘फायनल’ म्हणजे बहुतेक वेळा मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झाली की मुलीला प्राथमिक शिक्षिका होता येई, म्हणून तिला मॅट्रिकपेक्षा कमी लेखू नका. एस. एस. सी. हा शब्द १९४९ च्या आधी येणार नाही. आला असेल तर कोणीतरी नंतर भरलेली नोंद आहे.

जन्मतारखांत १ जूनचा सुकाळ दिसेल. शाळा जूनमध्ये सुरू, मुलीचा जन्म नोंदलेला नाही, मग गुरुजींनी प्रवेशाला बसेल असे वय धरून १ जून लिहिले. त्या तारखेवरून लग्नाचे वय काढलेत तर एक-दीड वर्षाची चूक सहज होते. त्यामुळे ‘सरासरी वय’ अपूर्णांकात छापू नका. ‘तेरा-चौदाच्या आसपास’ एवढेच म्हणा.

सर्वात बोलका रकाना शाळा सोडल्याच्या कारणाचा. ‘लग्न झाले’ असे स्वच्छ लिहिलेले सापडेलच, पण त्याहून जास्त नोंदी ‘गैरहजेरीमुळे नाव कमी’ अशा असतात. दोन्हींचा महिना पाहा. वैशाखाच्या सुमारास, म्हणजे एप्रिल-मे संपून जूनमध्ये शाळा उघडताना नाव कमी झालेल्या मुलींत लग्न झालेल्या बऱ्याच असतात. खात्री हवी असेल तर धाकट्या बहिणीच्या नोंदीतला पत्ता आणि गावातली माणसे, दोन्हीकडून ताळा घ्या. बालविवाहाला बंदी घालणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, मुलीचे किमान वय १४. तुमची रजिस्टरे नेमकी त्यानंतर सुरू होतात, तेव्हा इंग्रजी तिसरी-चौथीतली गळती १९३१ आणि १९४१ मध्ये किती, ही तुलना जरूर करा. एकच मुलगी दोनदा दाखल झालेली दिसली, दुसऱ्यांदा वेगळ्या आडनावाने, तर ती नोंद बाजूला काढून ठेवा. लग्नानंतर, किंवा नवरा वारल्यावर, पुन्हा शाळेत आलेल्या मुली अशाच सापडतात.

गहाळ रजिस्टरासाठी आवक-जावक बारनिशी आणि दाखल्यांच्या स्थळप्रती पाहा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो, त्यावरून नाहीसे झालेले पान थोडेफार परत जुळवता येते. सातारा भागात कागद जाण्याची दोन कारणे आधी तपासा: गांधीहत्येनंतरची १९४८ ची जाळपोळ आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ज्यानंतर घाईत इमारती रिकाम्या केल्या गेल्या. संस्थेचे काही दप्तर पुण्यात पेठेत कोणाकडे ठेवलेले असेल तर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूरही आहेच.

आणि एक कळकळीची विनंती. रजिस्टरात पेनने काही लिहू नका, ‘दुरुस्ती’ तर मुळीच नको. तो कायम जपायचा अभिलेख आहे. मुलीने शाळा सोडल्यानंतर नाव, जात, जन्मतारीख यांत बदल करायचा तर माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच. टेपचा चिकटा काही वर्षांत तपकिरी होऊन शाई खातो. कसर लागलेली असेल तर पाने ब्रशने झाडून, सावलीत वाऱ्याला ठेवून, मग मोबाइलने फोटो घ्या: खिडकीजवळ, फ्लॅश बंद, पान सपाट, एका फोटोत एकच पान. फाइलला नाव ‘रजि०२_पान०४५’ असे त्याच वेळी द्या. नंतर देऊ म्हटले की राहतेच.

---

उत्तर – किर्दखतावणी

त्या दोन पेट्या आधी उघडा. भाषणांत शाळा आदर्शांवर चालते, किर्दीत ती कशावर चालली ते कळते.

रकमा ‘३-४-६’ अशा दिसतील: तीन रुपये, चार आणे, सहा पै. रुपयाचे आणे १६, आण्याच्या पै १२. १ एप्रिल १९५७ नंतर नवे पैसे येतात, पण गावाकडच्या किर्दीत पुढे वर्षभर दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी चालतात. बेरीज जुळली नाही तर आधी हे पाहा. तारखा शकात असतील तर शक अधिक ७८, आणि पौष मध्यावर १ जानेवारी ओलांडली की अधिक ७९. मोडीसाठी पुराभिलेखागाराच्या प्रशिक्षणातून तयार झालेले वाचक मिळतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही विचारा. सगळी किर्द वाचून घेण्याची गरज नाही. वर्षअखेरची ताळेबंदाची पाने आणि देणग्यांची यादी एवढे पुरे.

जमेच्या बाजूला चार ओळी शोधा: फी, सरकारी किंवा लोकल बोर्डाची ग्रँट, वर्गणी-देणग्या, आणि भाडे-व्याज. दर दहा वर्षांनी या चारांचे प्रमाण काढले की शाळेचा मालक हळूहळू कसा बदलत गेला ते दिसते. सुरुवातीला वर्गणीदार, मग फी भरणारे पालक, आणि पगार सरकारातून येऊ लागल्यावर शिक्षण खाते. मुलींच्या शाळेत आणखी एक ओळ असते: नादारी, म्हणजे फीमाफी. पूर्ण नादारी, अर्ध नादारी, आणि कधी ‘भगिनी सवलत’ अशीही. एका वर्षी किती मुली नादारीवर होत्या आणि किती पूर्ण फी भरत होत्या, हा आकडा मिळाला तर तो पहिल्या पाच पानांत यायला हवा. फी भरायचीच तर मुलाची भरू, हा हिशेब घराघरात होता. मुलींना शाळेत टिकवले ते या नादारीच्या ओळीने. १९८० च्या दशकात राज्याने मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत केले आणि ती ओळ किर्दीतून गेली. ते वर्ष तुमच्या किर्दीत प्रत्यक्ष दिसेल.

खर्चात पगार पाहा. शिक्षक आणि शिक्षिका यांचे पगार वेगळे होते का? मुख्याध्यापकपदावर बाई कधीपासून आहेत? पगारपत्रकावरची सही रक्कम मिळाल्याची असते, पण खासगी शाळांत सहीच्या रकमेतून ‘देणगी’ कापण्याची चाल होती. त्याच तारखेला त्याच नावाने देणगी जमा असेल तर हे प्रकरण ते आहे. कोणाचे नाव न छापता ‘शिक्षकांनी पगारातून शाळेला हातभार लावला’ एवढे लिहा, पण स्वेच्छेने होता की नाही हे कळत नसेल तर ‘त्याग’ हा शब्द वापरू नका.

छोट्या देणग्या विसरू नका. हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधी उभा केला, त्यात अनेक घरांतून थोडे थोडे पैसे आले. तुमच्याकडेही हळदीकुंकू, तिळगूळ, मूठभर धान्य अशा नावांनी जमा असू शकते. मोठ्या देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर आधीच आहेत, ही दुसरी नावे फक्त किर्दीत असतात.

जागेसाठी सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक आणि त्यामागचे फेरफार काढा. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली असेल आणि १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा घ्या. त्यात मूळ विश्वस्त, मिळकत आणि पुढचे बदल अर्ज मिळतात. अर्जात एफ क्रमांक (संस्थेचा विश्वस्त नोंदणी क्रमांक) लिहिला की शोध लवकर लागतो. इमारत दान मिळाली असे सगळे सांगत असतात आणि कागद नाममात्र भाड्याचा निघतो, असे पुष्कळ ठिकाणी घडते. पाटीवरचा मजकूर कागद पाहिल्याशिवाय उतरवू नका.

---

कृष्णाकाठ

फार मोलाचे मिळाले. ‘पहिल्या शाळांपैकी एक’ काढले. दोन गोष्टी अजून: गावाबाहेर आमच्या शाळेचे कागद कुठे असू शकतील? आणि दैनंदिन जीवन लिहायला रजिस्टर-किर्दीपलीकडे काय वापरावे? माजी विद्यार्थिनींना एक प्रश्नावली पाठवली होती. ‘शाळेच्या आठवणी लिहा’ असे विचारले तर सगळ्यांनी ‘शिस्त होती, संस्कार मिळाले’ एवढेच लिहून पाठवले.

---

उत्तर – जुनेपुणे

गावाबाहेरचे आधी. शिक्षण संचालकांचे मुंबई इलाख्याचे वार्षिक अहवाल बघा. त्यात मुलींच्या अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांचे तक्ते असतात. तुमच्या शाळेचे नाव मिळेलच असे नाही, पण त्या वर्षी भोवताली काय होते ते कळते. सातारा गॅझेटिअर १८८५ चे आणि १९६३ चे, दोन्ही पाहा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात शिक्षण खात्याच्या फाइली आहेत. गाव तेव्हा एखाद्या संस्थानात असेल, म्हणजे औंध, फलटण वगैरे, तर ब्रिटिश शिक्षण खात्यात शोधून उपयोग नाही. १९४८ च्या विलीनीकरणाआधीचे कागद संस्थानी दप्तरात.

शोधताना आजचे नाव घालून थांबू नका. हुजूरपागेचेच घ्या. जुन्या कागदांत ती ‘फीमेल हायस्कूल’, ‘नेटिव्ह गर्ल्स हायस्कूल’, ‘मुलींचे हायस्कूल’ अशा नावांनी येते आणि ‘हुजूरपागा’ हे कधी फक्त जागेचे नाव असते. तुमच्या शाळेला देणगीदाराचे नाव नंतर लागले असणार. आधीची दोन-तीन नावे इतिवृत्तांतून काढून सगळी शोधा.

---

उत्तर – मधलीसुट्टी

प्रश्नावली चुकली ती प्रश्नांमुळे. ‘आठवणी लिहा’ म्हटले की माणसे निरोपसमारंभाचे भाषण लिहितात. वस्तू विचारा, वेळ विचारा, रस्ता विचारा. शाळेत यायला कोणत्या रस्त्याने, कोणाबरोबर, किती वेळ? पावसाळ्यात ओढा आला तर काय? डब्यात काय, आणि तो कुठे बसून खायचा? सगळ्या जातींच्या मुली एकत्र बसायच्या का? पाणी कशातून, कोण वाढायचे? संडास होता का, किती, दार लागत होते का? मासिक पाळीच्या दिवसांत शाळेत यायचे की नाही? शेवटचे दोन प्रश्न छापील कागदावर लाजून कोरे सोडतात, म्हणून बाईंनीच बायकांना समोर बसून विचारावेत. मुलींच्या शाळेच्या इतिहासात संडास बांधल्याचे साल हे सभागृह बांधल्याच्या सालाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते किर्दीत बांधकाम खर्चात नक्की सापडेल. त्या वर्षानंतर सातवी-आठवीची हजेरी सुधारली का, ते हजेरीपटावरून पाहा.

मुलाखत घ्यायची तर एकटीची नको, एकाच वर्गातल्या तिघी-चौघी एकत्र बसवा. एकीची चूक दुसरी सुधारते. ४५ मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका, आणि हातात त्यांच्याच वर्षाचा वर्गाचा फोटो द्या. नावे आपोआप निघतात.

फोटोंबद्दल. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, बाजूने उजेड घेऊन फोटो काढा. सुटा निघत असेल तर पुठ्ठ्याच्या खाली स्टुडिओचा ठसा, मागे तारीख आहे का पाहा. नावे फोटोवर लिहू नका. छापील प्रतीवर डोक्यांना क्रमांक द्या आणि यादी वेगळी करा: ‘मागील रांग, डावीकडून’ अशी. मागे लिहायचेच तर मऊ पेन्सिलने, कडेला. साल माहीत नसेल तर कपडे मदत करतात: परकर-पोलके, नऊवारी, पाचवारी, स्कर्ट-ब्लाउज, पंजाबी ड्रेस असा क्रम साधारण सगळीकडे आहे, पण प्रत्येक शाळेत साल वेगळे. गणवेश सक्तीचा कधी झाला तो ठराव इतिवृत्तात असतो आणि त्याभोवती हमखास वाद असतो. कापड कोणी पुरवायचे, गरीब मुलींचे काय, वेण्या दोन की एक, रिबिनीचा रंग कोणता, गजरा चालेल का. हे वाद जसेच्या तसे द्या.

विषयांत शिवण, गृहशास्त्र आणि गणित यांच्याकडे लक्ष ठेवा. शिवणाची यंत्रे किती होती ते डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, आहे. चाळीस मुलींना चार यंत्रे असतील तर तासाला प्रत्येकीच्या वाट्याला किती मिनिटे आली, ते वाचकाला मोजून दाखवा. आणि शास्त्र किंवा वरचे गणित कधी सुरू झाले? मुलींच्या कित्येक शाळांत प्रयोगशाळा नसल्याने हुशार मुलीही गृहशास्त्राकडे वळवल्या गेल्या, आणि मग ‘मुलींना शास्त्र आवडत नाही’ असे म्हटले गेले. प्रयोगशाळेचे साल आणि पहिल्या शास्त्र शिक्षिकेची नेमणूक शोधाच.

हादगा, स्नेहसंमेलन, लेझीम, गाईडचे पथक, सहली हे सगळे लिहा, पण प्रत्येकात एक ठोस गोष्ट हवी. सहलीला एस. टी. कुठे गेली, वर्गणी किती, किती पालकांनी परवानगी नाकारली. संमेलनातल्या नाटकात पुरुषपात्रे मुलींनीच केली आणि प्रेक्षकांत पुरुषांना प्रवेश होता की नाही. कार्यक्रमपत्रिका जपलेल्या असतील तर पाठकोऱ्या बाजूही बघा, हिशेब तिथेच लिहिलेले असतात.

नामवंत विद्यार्थिनींचे पान ठेवा, पण एकच. हुजूरपागेला इरावती कर्वे आणि शांता शेळके यांची नावे सांगता येतात. इरावतीबाई तर लहानपणी ब्रह्मदेशाहून येऊन तिथल्या वसतिगृहात राहिल्या. तिथेसुद्धा वसतिगृह नसते तर लांबची मुलगी पुण्यात शिकलीच नसती, हा धागा मोठा आहे. तुमच्या गावी वसतिगृह होते का, नसेल तर आसपासच्या वाड्यांतल्या मुली कुठे राहत, कोणाच्या घरी? एस. टी. चा पास सुरू झाला तेव्हा पट वाढला का? माझ्या मते तुमच्या शाळेचा निम्मा इतिहास त्या एस. टी. त आहे.

---

उत्तर – दप्तरखाना

छापण्याआधीचे थोडे. जिवंत व्यक्तीची जन्मतारीख, जात, गुण, नादारी यांतले काहीही तिच्या लेखी संमतीशिवाय नावासकट छापू नका. रजिस्टराच्या पानाचा फोटो शोभेला टाकण्याचा मोह होतो. टाकायचाच तर नाव, जात आणि जन्मतारखेचे रकाने झाकून. ‘लग्न झाले’ ही नोंद असलेल्या मुलीचे कुटुंब आजही गावात असेल, तिथे आकडा पुरे, नाव नको.

अलीकडच्या वीस वर्षांवर निदान चार पाने ठेवा. स्मरणिका साधारण सुवर्णमहोत्सवाशी येऊन दमतात आणि पुढे फक्त निकालाची टक्केवारी देतात. मराठी माध्यमाचा पट घटतो, संचमान्यतेत (पटानुसार शिक्षकांची पदे ठरवताना) शिक्षक अतिरिक्त ठरतात, वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, मग मुलगे घ्यायचे का हा ठराव सभेपुढे येतो. तुमच्या संस्थेत तो आला असेल तर बाजूने आणि विरुद्ध काय बोलले गेले ते इतिवृत्तातून द्या. दहा वर्षांचा पहिली आणि पाचवीचा पट शेजारी शेजारी मांडा. गळती कुठे आहे ते त्यात दिसेल: खालून मुली येतच नाहीत की पाचवीला दुसरीकडे जातात. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

फर्मा, म्हणजे एका कागदावर एकदम छापली जाणारी पाने, ८ किंवा १६ पानांचा असतो, म्हणून ४८ ची ५० करायची वेळ आणू नका, छापखाना ५६ चे पैसे लावेल. जुने लहान फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो छपाईला घेऊ नका. आणि कामाचा सगळा तक्ता, फोटो, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण एका हार्ड डिस्कवर शाळेत आणि दुसरीवर संस्थेच्या कार्यालयात ठेवा, वेगळ्या इमारतीत.

गहाळ रजिस्टराच्या बाबतीत एक राहिले: १९३१ च्या रजिस्टरातला पहिला अनुक्रमांक काय आहे ते बघा. तो १ नसून समजा २१८ असेल, तर आधीच्या रजिस्टरात २१७ नोंदी होत्या, एवढे तरी छापता येईल.